शंभरापैकी नव्याण्णव

सोमवार, ४ ऑगस्ट

आज दुपारी साडेतीन वाजता मी आमच्या शाळेतला तंत्रज्ञानातला सगळ्यात जाणकार माणूस ठरलो. हे कसं झालं ते लिहून ठेवतो, कारण कोणाला सांगण्यासारखं नाही.

मागच्या आठवड्यात आम्हा बावीस शिक्षकांकडून एक फॉर्म भरून घेतला होता. वीस कामं, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. ते काम आपल्याला कितपत येतं त्याप्रमाणे आकड्याला गोल करायचा. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवतो, मुलांचे निकाल लावतो. पहिला नंबर म्हणजे हुशार आणि पाचवा म्हणजे त्याच्या मागे, हे मला कोणी सांगायला नको. मी प्रामाणिकपणे सगळीकडे पाचला गोल केला. फक्त 'यंत्र सुरू करणे' याला चार दिले, कारण बटण कुठे असतं ते मला साधारण माहीत आहे.

आज सभेत मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, निकाल वाचला. पाच म्हणजे उत्तम होतं. विज्ञानबाईंना एकाहत्तर, पीटीच्या सरांना त्रेचाळीस, भाषाबाईंना बावीस आणि मला नव्याण्णव. तो एक गुणसुद्धा सरांनी विनयाने सोडलेला दिसतो, असं मोठ्या बाई म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. मी चूक सांगायला उठलो. लोकांना वाटलं, आभार मानायला उठलो. टाळ्या वाढल्या. मग मी आभार मानले आणि खाली बसलो.

त्यानंतर वरून आलेलं परिपत्रक वाचून झालं. सप्टेंबरअखेर प्रत्येक शिक्षकाने तंत्रज्ञान-कौशल्याचं प्रमाणपत्र मिळवायचं. ज्याला मिळणार नाही त्याचे तास काढून घेणार आणि त्याला तळमजल्यावरच्या फायलींच्या खोलीत बसवणार. बाहेरून शिकवायला कोणी येणार नाही. शाळेतलाच सगळ्यात जाणकार शिक्षक बाकीच्यांना तयार करील.

एकवीस माना माझ्याकडे वळल्या.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज खरं सांगून टाकायचं ठरवून मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. "बाई, त्या फॉर्मचं जरा..." एवढंच बोललो, तोवर त्यांनी संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मला असाच माणूस हवा होता, असं म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. किल्ली घेऊन परत आलो. आता दगडाखाली हात सापडला आहे.

घरी बायकोला सरळ विचारणं शक्य नव्हतं. ती शिवणकाम करते आणि तिची सगळी गिऱ्हाईकं फोनवरच असतात. मापं, नमुने, तारखा, सगळं त्यातच. म्हणून सहज विषय काढला की समजा, एखाद्याला संगणकातलं काही येत नसेल आणि दोन महिन्यांत बाकीच्यांना शिकवायचं असेल, तर त्या एखाद्याने काय करावं? तिने शिवणाच्या यंत्रावरून मान वर केली नाही. म्हणाली, "त्या एखाद्याला म्हणावं, आधी चष्म्याचा नंबर बदलून घे."

तिला काही संशय आला नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

पहिला वर्ग पार पडला. अजून जिवंत आहे.

चार वाजता सगळे जमले. मी फळ्याएवढ्या त्या काळ्या पडद्यासमोर उभा. ज्या बटणावर माझा चार गुणांचा भरवसा होता ते तिथे नव्हतंच. मी पडद्याच्या उजव्या बाजूला हात फिरवला, डावीकडे फिरवला, मग तंत्रज्ञान आणि समाज यांवर दहा मिनिटं बोललो. बोलणं संपलं. पडदा काळाच.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून विज्ञानबाईंनी हात वर केला. त्यांना एक शंका होती. पडद्याच्या खाली, अगदी मध्ये, एक चपटं बटण दिसतंय, ते दोन सेकंद दाबून धरायचं असतं का? मी म्हणालो, छान प्रश्न, आणि दाबून धरलं. पडदा उजळला.

विज्ञानबाई बारा वर्षं आमच्याकडे आहेत. विषय चांगला शिकवतात असं मुलं म्हणतात, पण आज पाहिलं तर डोकं बेताचंच वाटलं. तासाभरात त्यांनी नऊ शंका विचारल्या. फाइल जतन करायला तो छोटा चौकोन दाबायचा असतो ना सर? हे पान मोठं करायला दोन बोटं लांब न्यायची असतात, बरोबर ना सर? उत्तर प्रश्नातच असतं, तरी बाईंना खात्री नाही. मी प्रत्येक वेळी धीर दिला.

बाकीच्यांच्या प्रश्नांनी मात्र मी जेरीला आलो. शेवटी एक युक्ती सुचली. कोणी काही विचारलं की मी हात मागे बांधून म्हणायचं, "तुम्हाला काय वाटतं?" मग बावीस जणांत कोणाला ना कोणाला काहीतरी वाटतंच. पीटीच्या सरांना एक वाटतं, चित्रकलेच्या बाईंना दुसरं, दोघं उठून पडद्याशी येतात, करून बघतात आणि एक कोणीतरी बरोबर निघतं. मी म्हणतो, हेच मी सांगणार होतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडायची वेळ न येवो.

सोमवार, ११ ऑगस्ट

वर्ग सुटल्यावर स्वतःचा सराव करावा म्हणून संगणकाच्या खोलीत गेलो. तिथे आधीच भाषाबाई बसल्या होत्या. त्याही कोणी नसेल म्हणूनच आल्या होत्या.

भाषाबाई सत्तावन्न वर्षांच्या. कविता शिकवायला लागल्या की शेजारच्या वर्गातला गलका थांबतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. शेजारचा वर्ग माझाच असतो. गेली दोन वर्षं त्यांचे हात थरथरतात. फळ्यावर लिहिणं त्यांनी त्यामुळेच सोडलं. आज त्या माऊस धरून होत्या आणि पडद्यावरचा बाण माशीसारखा भिरभिरत होता. मला बघून त्यांनी हात टेबलाखाली घेतले. म्हणाल्या, "सर, तुम्ही उगाच वेळ घालवू नका. मी फायलींच्या खोलीत जाईन. तिथे निदान शांतता असेल."

मी शेजारची खुर्ची ओढली आणि बसलो. माऊस कसा धरायचा ते दाखवावं म्हणून हातात घेतला, तर सातवीची आजची हजेरीच पडद्यावरून नाहीशी झाली. चाळीस मुलं गेली. कुठे गेली ते कळेना. भाषाबाई आधी गंभीर राहिल्या, मग हसल्या ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शिष्याने गुरूला हसणं बरं नव्हे, पण मी सोडून दिलं. उद्यापासून रोज चारला इथेच बसायचं ठरलं आहे.

मुलं सापडली. विज्ञानबाई सहज डोकावल्या होत्या आणि त्यांना पुन्हा एक शंका आली.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज नववीचा एक तास पूर्णपणे फुकट गेला. परिपत्रकात लिहिलं आहे की आधुनिक शिक्षणाचं ध्येय माहिती देणं नसून चिकित्सक विचार, सहकार्य, संवाद वगैरे वाढवणं हे आहे, आणि यातलं आपण काय साधलं ते दर महिन्याला रकान्यात भरायचं आहे. मी 'यथावकाश' असं भरून टाकलं. आधी अभ्यासक्रम पुरा होऊ दे.

तर झालं असं. पडद्यावर पृथ्वीचा गोल लावला होता. मला आपला विभाग दाखवायचा होता. बोट जरा जोरात लागलं आणि गोल जो गरगरला, तो महासागराच्या मधोमध जाऊन थांबला. चारी बाजूंना नुसतं निळं. किनारा नाही, बेट नाही, एक अक्षर नाही. परत कसं यायचं ते मला माहीत नव्हतं. चाळीस मुलं बघत होती.

नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी तोंडाला येईल ते म्हणालो, "आपण मुद्दाम इथे आलो आहोत. समजा, तुम्ही एका होडीत आहात. यंत्र बंद, शीड आहे. आता सांगा, घरी कसं पोहोचाल?"

मला वाटलं, दोन मिनिटं विचार करतील, तेवढ्यात मी बटण शोधीन. पण त्यांनी वर्गच डोक्यावर घेतला. एक मुलगी म्हणाली, आधी आपण कुठे आहोत ते कळायला हवं, त्यासाठी दुपारचा सूर्य बघू. दुसरीने विचारलं, ढग असले तर? मागच्या बाकांवरची मंडळी वाऱ्यांवरून भांडायला लागली. या महिन्यात वारा कोणत्या दिशेने असतो यावर दोन तट पडले. कोणीतरी सागरी प्रवाहाचा धडा उघडला, जो मी अजून शिकवलेलाच नाही. पाणी किती पुरेल याचं गणित फळ्यावर झालं. मला त्यांनी तीनदा काहीतरी विचारलं आणि तिन्ही वेळा मला खरोखर माहीत नव्हतं, म्हणून तसं सांगितलं. घंटा झाली तरी कोणी उठेना. गणिताचे सर दारात उभे राहिले तेव्हा कुठे होडी किनाऱ्याला लागली, तीही अर्ध्याच वर्गाची.

पुस्तकाचं एक पान पुढे सरकलं नाही. टिपण द्यायचं राहिलं ते राहिलंच.

बुधवार, २० ऑगस्ट

भाषाबाईंचं काही जमत नाही. आठ दिवसांत त्यांना स्वतःचं नावसुद्धा पडद्यावर उमटवता आलेलं नाही. एक अक्षर दाबायला जावं तर बोट तीन दाबून येतं. त्या चिडत नाहीत, हीच पंचाईत आहे. चिडल्या असत्या तर मला समजूत तरी काढता आली असती. आज जाताना म्हणाल्या की दहावीच्या पुस्तकाच्या समासात त्यांनी बरंच काही टिपून ठेवलंय, पुढच्या बाईंना उपयोगी पडेल, ते माझ्याकडे देऊन ठेवते.

मी पुस्तक घेतलं नाही. कपाटात जागा नाही म्हणालो. कपाट निम्मं रिकामं आहे.

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, समजा एखादीचे हात थरथरत असतील आणि... तिने मध्येच विचारलं, ही एखादी वेगळी का तो पहिलाच एखादा? मी म्हणालो, वेगळी. तेव्हा तिने शिवण थांबवलं आणि सगळं नीट ऐकून घेतलं. रात्री जेवताना म्हणाली की तो एखादा अलीकडे घरी आल्यावर बातम्यांना शिव्या देत बसत नाही, हे बरं झालं.

सोमवार, २५ ऑगस्ट

मोठा दिवस.

चारच्या सुमाराला विज्ञानबाई परत डोकावल्या. अलीकडे रोजच डोकावतात. शिकण्याची तळमळ आहे, हे मान्य केलं पाहिजे. पडद्याच्या कोपऱ्यात माइकचं चिन्ह आहे, ते कशासाठी असेल, अशी त्यांना शंका आली. दाबून बोललं तर यंत्र लिहून घेत असेल का? पण तुम्ही सांगाल ते खरं.

मी म्हणालो, हेच मी आज घेणार होतो.

आधी मीच बोलून दाखवलं. म्हणालो, "हिमनदी हळूहळू सरकते." यंत्राने लिहिलं, 'हिंमत नाही हळूहळू सरक.' पुन्हा म्हणालो. यंत्राने लिहिलं, 'हिंमत नाही.' यंत्राला माझ्याबद्दल काहीतरी माहीत असावं, असं क्षणभर वाटून गेलं.

मैदानावरून येणारे पीटीचे सर आवाज ऐकून आत आले. त्यांनी छाती पुढे काढून माइकवर सावधान-विश्राम केलं. यंत्राने लिहिलं, 'साबण आण विसराल.' ते वाचून सर मनापासून अस्वस्थ झाले. वीस वर्षं मुलं मैदानावर काय ऐकत असतील, असं म्हणाले.

मग भाषाबाई बसल्या. हात मांडीवर, पाठ ताठ. त्यांनी एका दमात पाच-सहा वाक्यं सांगितली, ऋतू आणि झाडांबद्दल काहीतरी. ऱ्हस्व ऱ्हस्वाच्या जागी, दीर्घ दीर्घाच्या. यंत्राने सगळं लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं, विज्ञानबाईंनी वाचलं, पीटीच्या सरांनी मोठ्याने वाचलं. एक काना इकडचा तिकडे नव्हता.

भाषाबाईंनी पडद्याकडे बघत विचारलं, "हे मी लिहिलं?"

मी हो म्हणालो. मग खिडकी उघडली. धूळ फार आहे त्या खोलीत.

गुरुवार, ४ सप्टेंबर

गंमत अशी की आता चार वाजता भाषाबाईंसमोर रांग लागते. सगळ्यांना प्रश्नपत्रिका बोलून लिहायच्या आहेत आणि यंत्राला कोणाचंच धड कळत नाही. गणिताच्या सरांनी 'समभुज त्रिकोण' म्हटलं की यंत्र 'समजूत तरी कोण' लिहितं. त्यामुळे भाषाबाई एकेकाला समोर बसवून बोलायला शिकवतात. जीभ कुठे लावायची, श्वास कुठे सोडायचा, घाई कुठे करायची नाही. पीटीच्या सरांचं सावधान काल पहिल्यांदा सावधान उमटलं. त्यांनी ते छापून घेऊन खोलीत लावलं आहे.

मी मागच्या बाकावर बसून असतो. प्रशिक्षक म्हणून मला हा कार्यक्रम हातातून निसटत चालल्यासारखा वाटतो. कालचा अख्खा तास मला कोणी काही विचारलं नाही. नेतृत्व कमी पडतंय का?

मंगळवार, ९ सप्टेंबर

नववीच्या घटक चाचणीचे पेपर तपासले. चिंतेची बाब आहे. मी देतो त्या टिपणातलं एकही वाक्य कोणी लिहिलेलं नाही. सागरी प्रवाहांवर चाळीस पोरांची चाळीस वेगळी उत्तरं. एकाने होडीचं चित्र काढून त्यावर बाण दाखवलेत. एका मुलीने शेवटी मलाच प्रश्न विचारला आहे, आणि तो चांगला आहे. पाठांतराची सवय मोडली की असं होतं.

उत्तरं बरोबर आहेत. ती कशी बरोबर आली याचा छडा लावायला हवा.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पुढच्या शुक्रवारी शिक्षण खात्याचे साहेब येणार. प्रमाणपत्रांवर शेवटची सही त्यांची. त्याआधी प्रत्येकाच्या कागदावर प्रशिक्षक म्हणून माझी सही हवी. आज बावीसपैकी एकवीस कागदांवर सह्या केल्या. बाविसावा माझाच होता. तिथे प्रशिक्षकाला सूट आहे.

भाषाबाईंच्या कागदावर सही करताना थांबलो. त्यात एक अट आहे, 'उमेदवार स्वतः मजकूर टंकलिखित करू शकतो.' बोलून लिहिणं म्हणजे टंकलिखित होतं का? मला वाटतं, होतं. पण मला वाटून काय उपयोग? नव्याण्णव गुणांच्या माणसाला वाटलं तर उपयोग, आणि तो माणूस कुठे आहे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

सही केली. करून झाल्यावर बराच वेळ पेन मिटलं नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

बायकोने आज विचारलं, त्या एखाद्याचं उद्या काय होणार? मी म्हणालो, त्याने खरं सांगितलं तर दुसऱ्या एकीचं नुकसान होईल, नाही सांगितलं तर त्याला स्वतःला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. ती माझ्या सदऱ्याचं बटण लावत होती. दोरा दाताने तोडून म्हणाली, "आधी तिचं बघ म्हणावं. तोंडाचं काय, ते आहे तसंच राहतं."

तिला एव्हाना थोडाफार संशय आला असावा.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

अकरा वाजता साहेब आले. पन्नाशीचे, शांत, सगळं वाचून बघणारे. हीच काळजीची गोष्ट. कागद एकेक करून पुढे सरकत गेले आणि भाषाबाईंच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं. त्यावर मी लिहिलेला शेरा वाचला, 'ध्वनीद्वारे.' अटीत असं कुठे बसत नाही म्हणाले. भाषाबाई भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी हात पदराखाली घेतले.

मग साहेबांनी माझ्या नावापुढचा आकडा पाहिला. चेहरा निवळला. म्हणाले, नव्याण्णव गुणांच्या माणसाने सही केली आहे, म्हणजे विचार करूनच केली असणार. मी मान्य करतो. आणि त्यांनी पेन उघडलं.

एवढंच होतं. मी गप्प बसलो असतो तर सुंठीवाचून खोकला गेला असता. भाषाबाईंचं काम झालं होतं. पण ते काम माझ्या खोट्या आकड्यावर उभं राहिलं असतं, आणि उद्या कोणी तो आकडा उकरून काढला असता तर पहिल्यांदा त्याच खाली आल्या असत्या. त्यांचं एकही अक्षर चुकत नाही. माझी अख्खी बेरीज चुकलेली. हे मला बघवेना.

मी उठलो आणि म्हणालो, "साहेब, माझे नव्याण्णव खरे नाहीत. मी फॉर्म उलटा भरला. मला वाटलं, पाच म्हणजे शेवटचा. सरळ मोजले तर एकवीस होतात. माझ्या सहीवर जाऊ नका. बाईंना तुमच्या समोर लिहू द्या."

इतका मोठा गौप्यस्फोट ऐकूनही एकाच्याही तोंडून आश्चर्याचा शब्द निघाला नाही. धक्काच तेवढा होता. पीटीचे सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते. मला त्यांच्याकडे पाहून वाईट वाटलं.

साहेबांनी पेन मिटलं. मोठ्या बाईंना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं? त्या शांतपणे म्हणाल्या की पहिल्याच दिवशी शंका आली होती. ज्याला सगळं उत्तम येतं आणि फक्त यंत्र सुरू करणं जरा कमी येतं, असा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मग नेमलं का? तर मागच्या वर्षी बाहेरून एक खरा जाणकार आला होता. तीन तास बोलला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोणाला काही आलं नाही, कारण त्याच्यासमोर मला येत नाही असं म्हणायची लाज वाटत होती. "मला असा माणूस हवा होता, साहेब, की ज्याच्यासमोर कोणाला लाज वाटणार नाही."

हे माझं कौतुक होतं की काय, ते अजून ठरलेलं नाही.

साहेबांनी परिपत्रक पुन्हा एकदा चाळलं. शेवटी म्हणाले, बाईंना बसवा.

शनिवार, २७ सप्टेंबर

काल फार थकलो होतो, म्हणून निम्मंच लिहिलं. माझं आधी सांगतो. साहेबांच्या हुकमावरून आज इतरांसारखीच माझीही परीक्षा झाली. विज्ञानबाई पर्यवेक्षक होत्या. शंका विचारायची त्यांना मनाई होती, त्यामुळे पहिली दहा मिनिटं जड गेली. मग हात आपोआप चालायला लागले. अडुसष्ट पडले, पन्नासला पास. बायकोला सांगितलं तर म्हणाली, त्या एखाद्याला माझं अभिनंदन सांगा. प्रशिक्षकपद पुढच्या वर्षीही माझ्याकडेच ठेवलं आहे. का, ते कोणी सांगत नाही.

आता भाषाबाईंचं. साहेबांनी त्यांना विषय दिला की अलीकडे ज्यांच्याकडून काही शिकलात त्यांच्याविषयी एक परिच्छेद लिहा. भाषाबाई क्षणभर डोळे मिटून बसल्या, मग माइककडे वळून सावकाश बोलू लागल्या. आम्ही सगळे मागे उभे होतो आणि पीटीचे सर सारखे नाक ओढत असल्यामुळे मला शब्द नीट ऐकू आले नाहीत. पण यंत्राने लिहिलेलं पान मी आज पुन्हा वाचलं, ते इथे उतरवून घेतो:

'ते रोज चार वाजता माझ्या शेजारी येऊन बसत. माझे हात थरथरू लागले की ते खिडकीबाहेर बघत. माझ्याकडून एक चूक झाली की ते लगेच त्याहून मोठी करून दाखवत, आणि मला हसू येई. येत नाही म्हणताना इतकं हलकं वाटू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. शिकवणाऱ्याने पुढे उभं राहायचं असतं, असं मी पस्तीस वर्षं समजत आले. शेजारीही बसता येतं, हे त्यांनी मला दाखवलं, आणि आपण ते दाखवत आहोत हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.'

छान लिहिलंय. विज्ञानबाईंविषयी आहे हे उघड आहे. त्या रोज चारला येत असत. खिडकीबाहेर तसा मीही बघायचो, चुका तर पुष्कळच केल्या, पण त्या दाखवण्यासाठी नव्हत्या, आपोआप झाल्या. आश्चर्य एकाच गोष्टीचं वाटतं. महिनाभर या यंत्राने भाषाबाईंचा एक काना चुकवला नव्हता, आणि नेमकं काल साहेबांसमोर 'त्या'चं 'ते' करून ठेवलं. एकदा नव्हे, तीनदा.

मी तिथल्या तिथे लक्षात आणून देणार होतो. पण साहेब ते पान हातात घेऊन सही करत होते, मोठ्या बाई चष्मा पुसत होत्या, आणि विज्ञानबाई माझ्याकडे बघून हसत होत्या. स्वतःविषयी असं चांगलं वाचून कोणाला आनंद होणार नाही? भाषाबाईंनी दोन्ही हात बाहेर काढून टेबलावर ठेवले होते. ते थरथरत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. अशा वेळी व्याकरण काय काढायचं, म्हणून मी गप्प राहिलो.